कोर्कोवादोला जाताना सह्याद्रीचा हिशेब चालत नाही

नाताळच्या सुट्टीत कोस्टा रिकाला जाणारी मराठी कुटुंबं अमेरिकेत आता बरीच भेटतात. ज्वालामुखी, गरम पाण्याची कुंडं, एखादा समुद्रकिनारा एवढं पाहून झालं की घरातल्या ट्रेकरची नजर नकाशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे वळते. तिथे पॅसिफिकमध्ये घुसलेला ओसा द्वीपकल्प आहे आणि त्यावर कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान. जमिनीवरचं क्षेत्र सुमारे ४२४ चौरस किलोमीटर, बहुतेक दाट वर्षावन. इथवर जाण्याची हौस अगदी योग्य आहे. मात्र सोबत नेलेले काही समज असे असतात की सगळा खर्च करून माणूस वनकेंद्राच्या दारातूनच परत फिरतो.

त्यातला सगळ्यात पक्का समज म्हणजे, ‘राजगड-तोरणा केलाय, आम्हाला गाईड कशाला?’ कोर्कोवादोत हा प्रश्न अनुभवाचा नाहीच. २०१४ पासून प्रमाणित गाईड सोबत असल्याशिवाय इथे कोणालाही प्रवेश मिळत नाही. हा पर्यटकांच्या खिशात हात घालण्याचा प्रकार आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या जंगलाचा इतिहास जरूर पाहावा. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष दानिएल ओदुबेर यांच्या सरकारने उद्यान जाहीर केलं, तेव्हा इथल्या जमिनीवर परदेशी लाकूड कंपनीचा डोळा होता. ते संकट टळलं, तर नद्यांतल्या सोन्याने दुसरं आणलं. ऐंशीच्या दशकात केळीच्या बड्या कंपनीने या दक्षिण भागातून गाशा गुंडाळला. बेकार झालेले मजूर फावडी-घमेली घेऊन उद्यानात शिरले. त्यांनी नद्यांचे काठ खणले, पोटासाठी शिकार केली, नद्या गाळाने भरल्या. १९८६ मध्ये सरकारला त्यांना बाहेर काढावं लागलं. जंगल राखायचं तर भोवतालच्या माणसांना त्यातून प्रामाणिक रोजगार मिळायला हवा, ही गोष्ट तिथे फार मोठी किंमत मोजून कळली. दोस ब्राझोस गावात पूर्वी सोनं धुणारे लोक आज पाहुण्यांना जंगल दाखवतात. गाईडला दिलेला प्रत्येक कोलोन मला म्हणूनच प्रवेशशुल्काइतकाच आवश्यक वाटतो.

‘दारावर तिकीट काढू’ हेही विसरा. रोज किती माणसं आत सोडायची यावर मर्यादा आहे आणि परवाना आगाऊ, पासपोर्ट क्रमांकासह काढावा लागतो. डिसेंबर ते मार्चच्या गर्दीत जागा भराभर संपतात. त्यामुळे नेहमीचा क्रम उलटा करायचा: आधी गाईड आणि परवाना, मग होडी किंवा गाडी, आणि विमानाची तिकिटं शेवटी. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी व्हिसाचे नियमही याच टप्प्यावर पाहून घ्यावेत.

आता अंतराचं बघू. नकाशावर राजधानी सान होसेपासून ओसा द्वीपकल्प हाताच्या अंतरावर दिसतो. प्रत्यक्षात पुएर्तो हिमेनेस गावी बसने पोचायलाच जवळजवळ पूर्ण दिवस जातो. तिथून काराते चाळीसेक किलोमीटर. पण कच्चा रस्ता आणि वाटेत पूल नसलेले ओढे, म्हणून सामायिक ट्रकला दोन तासांहून अधिक लागतात आणि पावसात ओढे चढले की रस्ताच बंद. काराते हे रस्त्याचं शेवटचं टोक. पुढे वाळूतून साडेतीन किलोमीटर चालल्यावर ला लेओना केंद्र येतं, आणि मुख्य सिरेना केंद्र तिथून आणखी सोळाएक किलोमीटर. दुसरी वाट सिएर्पे गावातून. तिथे होडीत बसायचं, खारफुटीच्या जंगलातून नदीच्या मुखाशी यायचं, लाटा ओलांडून ड्रेक बे गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या होडीने सिरेना. छोट्या विमानांची सोयही आहे, पण त्यात सामानाचं वजन काटेकोर मोजतात.

होडीने गेलं की काम सोपं, असंही कोणी समजू नये. सिरेनाला धक्का नाही. होडीवाला किनाऱ्याकडे पाठ करून लाटा मोजत थांबतो, एक लाट ओसरली की हाक देतो, आणि तेवढ्या फटीत बूट हातात धरून गुडघाभर पाण्यात उतरायचं. कॅमेरा आणि पासपोर्ट जलरोधक पिशवीत हवेतच.

धोक्याबद्दलचा समज तर पुरता चुकीच्या दिशेला गेलेला आहे. घरून निघताना सगळे जग्वारबद्दल विचारतात. जग्वार इथे आहे, पण तो दिसणं ही विरळा गोष्ट. विषारी साप आहेत, म्हणून घोटा झाकणारे बूट घालायचे आणि बघितल्याशिवाय कुठे हात टेकायचा नाही. खरा धोका पाण्याचा आणि उन्हाचा. ला लेओनाची वाट बराच वेळ उघड्या किनाऱ्याने जाते, डोक्यावर सावली नसते, आणि दमट हवेत घाम वाळतच नाही. वाटेत रिओ क्लारो नदी पार करावी लागते. ओहोटीला तिचं पाणी मांडीपर्यंत, भरतीला छातीपर्यंत चढतं. सिरेना नदीच्या मुखाशी मगरी असतात आणि भरतीबरोबर बुल शार्कही आत येतात. म्हणून गाईड निघण्याची वेळ तुमच्या न्याहारीवरून ठरवत नाही, भरतीच्या तक्त्यावरून ठरवतो. त्याने पहाटे चारला उठायला सांगितलं तर घासाघीस करू नका.

कोरडा ऋतू साधारण डिसेंबर ते एप्रिल. पण ‘कोरडा’ म्हणजे आपल्या उन्हाळ्यासारखा नाही, सर येतेच. आतल्या उंच भागात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. आंबोलीत याहूनही अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले, आणि ऑक्टोबरात सिरेना सहसा बंदच ठेवतात.

तंबू आणि शिधा घेऊन जाण्याची आपली सवयही इथे चालत नाही. मुक्काम सिरेनाच्या मच्छरदाणीच्या बंक बेडवर, जेवण तिथल्याच भोजनगृहात, दोन्हीचं आरक्षण आधी. एकदाच वापरायचं प्लास्टिक आत नेता येत नाही. शाकाहारी असाल तर तसं आरक्षण करतानाच कळवा. भात आणि घेवडा मिळतोच. एका दिवसाची होडीची सहल स्वस्त पडते खरी, पण मुक्काम केला तर पहाटेची आणि संध्याकाळची वेळ हाती लागते. त्याच वेळी प्राणी हालचालीत असतात. चारही जातींची माकडं, लाल मकाव, आणि नशीब बरं असेल तर केंद्राजवळच्या चिखलात लोळणारा टापीर. हा अजस्र प्राणी मध्य अमेरिकेतून झपाट्याने कमी होतोय आणि इथे तो बऱ्यापैकी दिसतो.

गाईड ठरवताना चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्या: परवान्याचं शुल्क आणि केंद्रावरचं जेवण दरात धरलंय का, परतीची होडी ठरली आहे का, तो तिकाटीवरची दुर्बीण आणतो का, आणि समुद्र खवळून होडी सुटली नाही तर पैशांचं काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. आणि सान होसेहून परतीचं विमान जंगलातून बाहेर पडण्याच्या दिवशीच कधीही ठेवू नका, मध्ये किमान एक मोकळा दिवस राखा.