पार्क स्थानक : दोन लोहमार्गांमधील दुवा

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकातून बाहेर पडून समोरचा रुंद रस्ता ओलांडला, की पार्क हे लहानसे उपनगरी स्थानक लागते. सेंट्रलचा मनोरा दुरूनही नजरेत भरतो; पार्क मात्र माहीतगारालाच ठाऊक असते. तथापि शहराच्या वाहतुकीतील त्याचे महत्त्व आकारावरून ठरविता येणार नाही.

या शेजाराचे मूळ इतिहासात आहे. १८७३ साली सुरू झालेले सेंट्रल हे रुंदमापी गाड्यांचे स्थानक होते, तर १९०८ साली उभे राहिलेले एग्मोर हे साउथ इंडियन रेल्वेच्या मीटरमापी गाड्यांचे. एकीच्या रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर, दुसरीच्या १,०००. त्यामुळे एका मार्गावरील गाडी दुसऱ्यावर जाऊच शकत नसे. उत्तरेकडून येऊन दक्षिणेकडील जिल्ह्यांत जाणाऱ्या उताऱ्याला सेंट्रलला उतरून, सामानसुमान घेऊन एग्मोर गाठावे लागे. १९३१ साली बीच ते तांबरम या मीटरमापी मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. पार्कनंतरचे स्थानकच एग्मोर असल्याने हा दुवा अधिक सोयीचा झाला.

१९५१ साली जुन्या रेल्वे एकत्र येऊन दक्षिण रेल्वे स्थापन झाली. कारभार एक झाला; रूळ मात्र वेगळेच राहिले. या उपनगरी मार्गावरील मीटरमापी गाड्या २००४ साली थांबल्या आणि मापांचा भेद मिटला. तरीही रस्ता उरलाच. सेंट्रल हे अंतिम स्थानक आहे. तांबरमकडील उपनगरी गाड्या त्यात शिरत नाहीत.

दरम्यान जोडण्या वाढत गेल्या. सेंट्रललगतच्या मूर मार्केट संकुलातून उत्तर व पश्चिम उपनगरांच्या गाड्या सुटतात. बीच-चेपॉक हा स्वतंत्र नागरी लोहमार्ग १९९५ साली सुरू झाला आणि त्यावरील पार्क टाउन स्थानक जवळच आले. २०१८ साली भुयारी मेट्रोही सेंट्रलला पोहोचली.

इतकी साधने एका चौकाभोवती एकवटली असली, तरी उताऱ्याची खरी कसोटी त्यांच्या मधल्या अंतरात लागते. शेजारीच मोठे सरकारी रुग्णालय आहे. तेथे येणाऱ्या आजारी माणसाला गाडीतील तासाभराच्या प्रवासापेक्षा भुयारी वाटेच्या पायऱ्याच अधिक जड वाटतात. स्थानके एकमेकांजवळ असणे आणि ती एकमेकांस जोडलेली असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेच पार्कच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.