शिक्षा भोगून आलेल्याला काम कोण देणार?

रमजानच्या सतराव्या रोजाला बद्रच्या लढाईची आठवण निघते. हिजरी सन २ मधील या लढाईत मक्केचे सुमारे ७० जण कैद झाले. काहींना मोबदला घेऊन सोडण्यात आले. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, पण अक्षरओळख होती, त्यांना हजरत पैगंबरांनी (स.) सांगितले, की मदिनेतील दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे आणि मोकळे व्हावे. पैगंबरांच्या चरित्रग्रंथांत ही नोंद आढळते. कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभ्या असलेल्यांच्या हाती मदिनेने आपली मुले सोपवली.

कैद्यावर विश्वास टाकून त्याला काम देण्याचा प्रयोग महाराष्ट्रातही झाला आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. भिंती नसलेल्या या वसाहतीत खुनाची शिक्षा झालेले कैदीही बायकामुलांसह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखे बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. सांगली जिल्ह्यातील ही खुली वसाहत पुढेही चालू राहिली.

खरी अडचण सुटकेनंतर सुरू होते. गोदाम असो, सोसायटीतील पहारा असो की गाडी चालवणे, पोलीस पडताळणीचा कागद मागितला जातो आणि जुन्या गुन्ह्याची नोंद दिसताच बोलणे संपते. कोर्टाने दिलेली शिक्षा भोगून झालेली असते, समाजाची मात्र सुरूच राहते. त्यातही २०२२ अखेर देशातील तुरुंगांत असलेल्या दर चार जणांपैकी तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. यातील अनेक जण पुढे निर्दोष सुटतात, तरी ‘आत जाऊन आलेला’ हा शिक्का राहतोच.

कायदा इथे थोडीच वाट मोकळी करतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. तरुण वयातील किरकोळ गुन्ह्याकडे मालकाला दुर्लक्ष करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात म्हटले. मात्र नोकरी द्याच, अशी सक्ती मालकावर नाही. निर्णय शेवटी त्याच्याच हाती राहतो.

तो निर्णय डोळे झाकून घ्यावा, असे कोणी म्हणत नाही. गुन्हा कोणता होता, त्याला किती वर्षे झाली आणि द्यायच्या कामाशी त्याचा संबंध आहे का, हे जरूर पाहावे. अफरातफर केलेल्याला लगेच गल्ल्यावर बसवू नये, पण भट्टीवर किंवा शिलाई मशीनवर त्याला काय अडचण आहे? एकदा कामावर घेतले, की पगार इतरांएवढाच द्यावा. जाणार कुठे, म्हणून निम्म्या पैशांत राबवून घेणे ही मदत नव्हे. त्याची मागची गोष्ट दुकानभर करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

रमजानमध्ये गरजूंच्या घरी शिधा पोहोचतो. तो महिनाभर पुरतो, पगार मात्र दर महिन्याला येतो. ईदच्या बाजारासाठी बेकऱ्या, कापड दुकाने आणि शिंपीकाम करणारे जादा माणसे घेतातच. त्यातली एक जागा यंदा अशा माणसाला द्यावी, महिनाभर त्याचे काम पाहावे आणि ईदनंतर त्या कामावरूनच ठरवावे.