विद्यापीठाच्या आवारातील बिनतारी जाळे आणि वाहिन्यांची निवड

१

विद्यापीठाच्या आवारातील बिनतारी जाळे मंद चालते अशी तक्रार आली, म्हणजे बहुधा दोन उपाय सुचविले जातात. ॲक्सेस पॉइंटांची संख्या वाढवावी हा एक, आणि त्यांच्या प्रक्षेपणाची शक्ती वाढवावी हा दुसरा. दोन्ही उपाय वरकरणी रास्त वाटतात. तथापि ते अंमलात आणल्यावर तक्रारी पुष्कळदा वाढतातच. याचे कारण असे की, कोणता ॲक्सेस पॉइंट कोणत्या वाहिनीवर बोलतो आणि त्याचे शेजारी कोणत्या वाहिनीवर बोलतात, हा मूळ प्रश्न तसाच राहिलेला असतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार केला आहे. सोयीसाठी ॲक्सेस पॉइंटास पुढे ‘केंद्र’ एवढेच म्हटले आहे.

वाय-फायच्या जुन्या आणि अजूनही सर्वाधिक परिचित अशा पट्टीचा विस्तार २४०० ते २४८३.५ मेगॅहर्ट्झ इतका आहे. भारतात ही पट्टी २००५ साली परवान्यावाचून वापरण्यास मोकळी झाली. तीत १ ते १३ अशा क्रमांकांच्या वाहिन्या मोजल्या जातात. पहिल्या वाहिनीचा मध्य २४१२ मेगॅहर्ट्झवर, दुसरीचा २४१७ वर, याप्रमाणे प्रत्येक वाहिनी मागच्या वाहिनीपासून ५ मेगॅहर्ट्झ अंतरावर आहे. परंतु प्रक्षेपणास लागणारी रुंदी मात्र सुमारे २० मेगॅहर्ट्झ असते. म्हणजे क्रमांक तेरा असले तरी परस्परांपासून खरोखर अलग अशा जागा तेरा नाहीत. १, ६ आणि ११ या तीन वाहिन्यांचे मध्य २४१२, २४३७ आणि २४६२ मेगॅहर्ट्झवर येतात. त्यांच्यामध्ये २५ मेगॅहर्ट्झ अंतर असल्याने त्या एकमेकींवर चढत नाहीत. १, ५, ९ आणि १३ अशा चार वाहिन्या घेण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे; परंतु अमेरिकेत सामान्यतः अकरापर्यंतच्याच वाहिन्या वापरल्या जात असल्यामुळे तेथील बाजारासाठी बनलेल्या काही उपकरणांना तेरावी वाहिनी ऐकूच येत नाही. म्हणून व्यवहारात तीनच वाहिन्या हाती राहतात.

२

येथे एक स्वाभाविक शंका उपस्थित होते. पहिली व सहावी वाहिनी शेजाऱ्यांनी घेतली असेल, तर मधली तिसरी रिकामी दिसते. ती का घेऊ नये? या शंकेच्या उत्तरातच विषयाचे मर्म आहे, आणि त्यासाठी एकाच वाहिनीवर अनेकजण कसे बोलतात हे पाहिले पाहिजे.

हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली ‘अलोहा’ नावाचे बिनतारी जाळे सुरू केले. त्यात ज्याला संदेश पाठवावयाचा तो थेट पाठवी. दोन संदेशांची टक्कर झाल्यास दोघेही काही काळ थांबून पुन्हा पाठवीत. या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८.४ टक्के भागच उपयोगी पडतो, असे गणिताने दिसून येते. पुढे आलेल्या वाय-फायमध्ये, ज्याचे पहिले मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले, ‘आधी ऐकावे, मग बोलावे’ हा नियम स्वीकारला गेला. दुसऱ्या कोणाचे बोलणे चालू असल्याचे ऐकू आले, तर उपकरण ते संपेपर्यंत थांबते.

पण ‘ऐकू येणे’ म्हणजे काय? दिवाणखान्यात कोणी ओळखीच्या भाषेत हलक्या आवाजात बोलत असला, तरी ऐकणारा ते बोलणे आहे हे जाणतो व आपले बोलणे आवरतो. भिंतीपलीकडची अस्पष्ट पुटपुट मात्र कोणी बोलणे मानीत नाही. ती फार मोठी झाली तरच तिची दखल घेतली जाते. बिनतारी उपकरणांचेही असेच आहे. आपल्याच वाहिनीवरील संदेशाचा आरंभ उपकरणास उलगडतो, आणि तो संदेश उणे ८२ डीबीएम इतका क्षीण असला तरी ते थांबते. अर्धवट चढलेल्या वाहिनीवरील संदेश त्यास उलगडत नाही. तो केवळ गोंगाट ठरतो, आणि गोंगाटासाठी थांबण्याची मर्यादा उणे ६२ डीबीएम आहे. या दोहोंतील अंतर शक्तीच्या मापाने शंभरपट होते. म्हणजे शंभरपट मोठा झाल्याशिवाय त्या गोंगाटासाठी कोणी थांबत नाही, आणि दोघेही एकमेकांवर बोलत राहतात.

आता तिसऱ्या वाहिनीचा हिशेब पाहावा. ती २४१२ ते २४३२ मेगॅहर्ट्झ इतकी जागा व्यापते. पहिली वाहिनी २४०२ ते २४२२ व सहावी २४२७ ते २४४७ मेगॅहर्ट्झ व्यापते. म्हणजे तिसरी वाहिनी पहिलीचा अर्धा व सहावीचा चौथा हिस्सा बिघडविते. रिकामी म्हणून घेतलेली ही वाहिनी एकाऐवजी दोन शेजाऱ्यांना उपद्रव देते, आणि स्वतःही त्यांच्या गोंगाटात सापडते. बिघडलेले संदेश पुन्हा पाठवावे लागतात. उपकरण सावधपणे वेग उतरविते. वेग उतरला की तोच संदेश हवेत अधिक काळ राहतो. १५०० बाइटांच्या संदेशाच्या मजकुराला ५४ मेगाबिट वेगाने सुमारे ०.२२ मिलिसेकंद लागतात. १ मेगाबिट वेगाने त्यालाच १२ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ इतर सर्वांना खोळंबून राहावे लागते. उलटपक्षी, पहिल्याच वाहिनीवर दोन केंद्रे असली तर ती वेळ वाटून घेतात. प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते, परंतु जे येते ते बहुतांशी शाबूत येते. सारांश, अर्धवट दूर राहण्यापेक्षा पूर्णपणे एकत्र राहणे हिताचे ठरते.

३

तीन वाहिन्या संपूर्ण आवारात कशा वाटाव्यात हा प्रश्न नकाशा रंगविण्यासारखा आहे. शेजारच्या प्रदेशांना एकच रंग येऊ नये, एवढीच अट. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲलेक्स हिल्स यांनी १९९३ साली ‘वायरलेस अँड्र्यू’ या जाळ्याचे काम सुरू केले, तेव्हा याच रीतीने विचार करावा लागला. आधी मोजणी करून केंद्रांच्या जागा ठरवावयाच्या, मग वाहिन्या नेमावयाच्या, आणि उभारणीनंतर पुन्हा मोजणी करून दुरुस्ती करावयाची, असा तेथील क्रम होता.

सपाट नकाशाला चार रंग पुरतात हे केनेथ अपेल व वोल्फगांग हाकेन यांनी १९७६ साली सिद्ध केले. येथे रंग तीनच, आणि नकाशाही सपाट नाही. लहरी छतांतून वरच्या व खालच्या मजल्यांवर जातात. त्यामुळे दाट वस्तीच्या इमारतीत कोणत्या तरी दोन शेजाऱ्यांना एकच वाहिनी द्यावी लागणार हे उघड आहे. मग ते दोघे कोण असावेत, एवढेच ठरविणे उरते. ज्यांच्यामध्ये अंतर अधिक किंवा भिंती जाड आहेत, ते एक. ज्यांच्या वापराच्या वेळा भिन्न आहेत, ते दुसरे. दिवसा भरणारे व्याख्यानगृह आणि रात्री जागे असणारे वसतिगृह यांना एक वाहिनी सहज चालू शकते. शक्ती वाढविण्याचा उपाय का फसतो, हेही यावरून कळेल. शक्ती वाढली की केंद्राला शेजारी वाढतात, आणि रंग मात्र तीनच राहतात.

४

५ गिगॅहर्ट्झच्या पट्टीत परिस्थिती पुष्कळ सुसह्य आहे. भारतात २०१८ साली ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगॅहर्ट्झ हे भाग मोकळे झाले. तेथे २० मेगॅहर्ट्झ रुंदीच्या वीसहून अधिक वाहिन्या परस्परांवर न चढता बसतात. परंतु ही सुबत्ता हातची घालविणे सोपे आहे. वेगाच्या मोहाने प्रत्येक केंद्रास ८० मेगॅहर्ट्झ रुंदी दिली, तर वाहिन्या सहाच्या आसपासच उरतात, आणि रुंदी दुप्पट झाली की ग्रहण होणारा गोंगाटही दुप्पट होतो. शिवाय या पट्टीचा काही भाग रडारही वापरतात. अशा भागात, अनेक देशांच्या नियमांनुसार, केंद्राने आधी किमान एक मिनिट ऐकावे आणि रडार आढळताच वाहिनी सोडावी लागते. म्हणून गजबजलेल्या इमारतींत २० किंवा ४० मेगॅहर्ट्झ रुंदी ठेवणे शहाणपणाचे आहे.

वाहिनी आपोआप निवडण्याची सोय बहुतेक केंद्रांत असते. तिचा उपयोग आहे. तथापि एकटे केंद्र निवड करते ते छताशी टांगलेल्या जागेवरून स्वतःस जे ऐकू येते त्यावरून. वसतिगृहाच्या टोकाच्या खोलीतील विद्यार्थ्याच्या संगणकाला काय ऐकू येते, हे त्यास ठाऊक नसते. त्या विद्यार्थ्याला दोन बाजूंचा गोंगाट सोसावा लागतो, आणि त्याचे केंद्र मात्र सर्व काही ठीक असल्याचे नोंदविते. परीक्षेचा अर्ज मुदतीच्या रात्री भरता न येणे किंवा व्याख्यान मध्येच तुटणे ही नुकसाने कोणत्याही तक्त्यात दिसत नाहीत. म्हणून मोजणी केंद्राखाली उभे राहून न करता, जेथे माणसे बसतात तेथे केली पाहिजे.

यावरून एक व्यावहारिक नियमही निघतो. एखाद्या विभागाने किंवा प्रयोगशाळेने स्वतःचे केंद्र आणून हवी ती वाहिनी लावणे ही त्या विभागाची खाजगी बाब राहत नाही; तिची किंमत भिंतीपलीकडचे मोजतात. लहरींची पट्टी ही आवाराची सामाईक विहीर आहे. वाहिन्यांचा एकच नकाशा सर्व आवारासाठी असावा, तो सर्वांना पाहता यावा, आणि नवे केंद्र बसविण्यापूर्वी त्यात त्याची जागा ठरावी. एवढे झाले, तर नवीन यंत्रे विकत न घेताही पुष्कळशा तक्रारी मिटतील.