आधी दुसरीचं म्हणणं



गटाच्या बैठकीत वाद झाला की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. समोरची अजून बोलतेय, तोच आपलं उत्तर तयार असतं. आपल्या जुन्या शास्त्रकारांची यावर एक पद्धत होती. दुसऱ्याचं मत खोडायचं तर आधी ते नीट मांडायचं. याला पूर्वपक्ष म्हणतात. मग आपलं उत्तर. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला, त्यात देव आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचं मत पहिल्याच प्रकरणात आहे.

म्हणजे सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं का? नाही हो. एकमेकांना मूर्ख, धूर्त म्हणणं नेहमीचंच. आणि मुळात बोलायला बसायचं कुणी? शूद्रांना वेद शिकायचा अधिकार नाही, असं शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात स्पष्ट लिहिलंय. ज्याला पोथी शिकू द्यायची नाही, तो पोथीवरच्या वादात काय बोलणार?

आम्हाला या विषयात विचार करायला लावला तो काश्मीरच्या जयंत भट्टानं. अकराशे वर्षांपूर्वीचा हा न्यायशास्त्राचा पंडित, वेदाचा पक्का अभिमानी. ‘न्यायमंजरी’ या ग्रंथात त्यानं प्रश्न घेतला: इतरांचे धर्मग्रंथ खरे मानायचे की नाही? आणि सगळ्यांचेच मानावेत, अशीही बाजू त्यानं मांडली. पण मोकाट नाही. पंथ पुष्कळ भल्या माणसांनी स्वीकारलेला हवा, लोभातून निघालेला नको, काल-परवा जन्मलेला नको, आणि त्याच्या आचारानं लोकांना भय वाटता कामा नये.

ऐकायला रास्त वाटतं ना? आता पुढं ऐका. तेव्हा तिथं नीलांबर नावाचा पंथ होता. एक बाई आणि एक पुरुष मिळून एकच निळं वस्त्र पांघरायचे आणि गात हिंडायचे. राजा शंकरवर्म्यानं त्यांचं व्रत बंद केलं. जयंताला ते योग्य वाटलं. त्यानं यावर ‘आगमडंबर’ नावाचं चार अंकी संस्कृत नाटकही लिहिलं. त्यात वेद शिकून आलेला एक तरुण पंडित आधी बौद्ध विहारात, मग जैनांकडे वादाला जातो. नीलांबरांना पाहून मात्र वाद नाही, थेट राजाकडे तक्रार. त्यांना हाकललं जातं. मग इतर साधूही घाबरतात, आज ते, उद्या आपण. त्यांची समजूत घालायला त्याच पंडिताला जावं लागतं! जयंतानं हे लपवलं नाही, याचं आम्हाला कौतुक वाटतं.

पण त्याच्या अटींकडे पुन्हा बघा. ‘नवा नको’ म्हटलं, तर प्रत्येक पंथ कधीतरी नवाच होता. ‘लोकांना भय वाटू नये’ म्हटलं, तर कुठल्या लोकांना? बाई गावात एकटी फिरली तरी भिणारे लोक आपण पाहिलेत. लोभाची अट मात्र आम्हाला पटते. धर्माच्या नावावर पैसे उकळणाऱ्याला कुणीतरी विचारलंच पाहिजे.

नीलांबर कसे होते, ते आपल्याला कळतं ते त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून. त्या निळ्या वस्त्रातली बाई कशासाठी घर सोडून आली होती, ते जयंतानं लिहिलेलं नाही.