सात जणांची निवड

तरुणांच्या नावाने बाजूला काढलेला पैसा कोणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. घरच्या कोठीची किल्ली कोणाकडे सोपवावी, ह्याचा विचार घरातील वडीलधारी माणसे पुष्कळ दिवस मनात घोळवीत असतात. मग एका देशाच्या साऱ्या तरुणांसाठी ठेवलेल्या कोठीची किल्ली देताना किती काळजी घ्यावयास हवी! दक्षिण आफ्रिकेत हे काम लोकांच्या देखत करण्याची रीत आहे. तेथील संसद उमेदवारांना एकेक करून समोर बसविते, प्रश्न विचारते, आणि मगच सात नावे राष्ट्राध्यक्षांकडे पाठविते. ह्या रीतीचे गुण पाहण्यासारखे आहेत आणि तिच्यात जेथे ठेच लागली, तेही पाहण्यासारखे आहे. आपल्या धर्मग्रामांतही निवडीचे प्रसंग वरचेवर येतात. म्हणून ही हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रेजिना मुंडीचे देऊळ

ह्या कथेचे मूळ एका कॅथलिक देवळाशी जोडलेले आहे. जोहान्सबर्ग शहराला लागून सोवेटो नावाची कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे. वर्णभेदी सरकारने तेथील शाळांतून काही विषय आफ्रिकान्स भाषेतूनच शिकविण्याची सक्ती केली. ही राज्यकर्त्यांची भाषा मुलांना परकी होती. १६ जून १९७६ रोजी हजारो शाळकरी मुले निषेधाची मिरवणूक घेऊन रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळीबार केला. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन त्यात बळी पडला, आणि त्याचे निष्प्राण शरीर उचलून धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले.

भेदरलेली मुले आश्रयासाठी रेजिना मुंडी देवळाकडे धावली. पवित्र मरिया, जगाची राणी, हिच्या नावाचे हे देऊळ. पोलीस तेथेही शिरले आणि देवळात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या गोळ्यांच्या खुणा व तुटलेली संगमरवरी वेदी लोकांनी जपून ठेविली आहे. पुढील काळात सभांवर बंदी असताना लोक प्रार्थनेसाठी म्हणून ह्याच देवळात जमत आणि आपली दुःखे बोलत. देश मुक्त झाल्यावर नेल्सन मंडेला यांनी १९९७ साली ३० नोव्हेंबर हा दिवस ‘रेजिना मुंडी दिन’ म्हणून जाहीर केला. १६ जून हा तर तेथे युवक दिन म्हणून राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे.

ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी शाळकरी मुलांनी रक्त सांडले, त्या देशावर तरुणांचे ऋण आहे, ह्या जाणिवेतून २००८ साली एक कायदा झाला. राष्ट्रीय युवक आयोग आणि उमसोबोम्वू युवक निधी ह्या दोन जुन्या संस्था एकत्र करून २००९ साली ‘नॅशनल यूथ डेव्हलपमेंट एजन्सी’ ही सार्वजनिक संस्था उभी राहिली. चौदा ते पस्तीस वर्षे वयाच्या मुलामुलींना धंद्यासाठी साहाय्य, शिक्षण, नोकरीसाठी मार्गदर्शन देणे हे तिचे काम. आरंभी ती कर्जे देत असे. २०१३ पासून कर्जाऐवजी लहान धंद्यांना अनुदान देण्याचे धोरण तिने स्वीकारले. त्याच सुमारास शिष्यवृत्तीचा एक निधीही सुरू झाला. ६ एप्रिल १९७९ रोजी वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी फासावर गेलेला सॉलोमन माहलांगू, त्याचे नाव ह्या निधीला दिलेले आहे.

गरज केवढी आहे हे एका आकड्यावरून कळेल. २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत तेथे पंधरा ते चौतीस वर्षांच्या तरुणांतील बेकारीचे प्रमाण ४५.५ टक्के होते. काम मागणाऱ्या प्रत्येक शंभर तरुणांपैकी पंचेचाळिसांहून अधिक जणांना काम नव्हते. अशा देशात ह्या संस्थेचा एक रँड जरी वाया गेला, तरी तो कोणा गरिबाच्या मुलाच्या ताटातून गेला असेच म्हटले पाहिजे.

मुलाखतीची रीत

संस्थेवर देखरेख करणारे मंडळ सात जणांचे. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, परंतु आपल्या मर्जीने नव्हे. नावांची शिफारस संसदेने करावयाची असते. मुदत फार तर तीन वर्षांची. निवडीत तरुणांचा सहभाग असावा, कारभार उघड असावा आणि निवडलेल्या उमेदवारांची यादी प्रसिद्ध व्हावी, असा कायद्याचा दंडक आहे. म्हणून संसद प्रथम जाहिरात देऊन नावे मागविते. आलेल्या नावांतून सभासदांची समिती एक लहान यादी करते. ती यादी लोकांसमोर ठेवून कोणाला काही सांगावयाचे असल्यास ते मागविण्यात येते. त्यानंतर मुलाखती होतात.

आपल्या वाचकांना ही रीत अगदीच अनोळखी वाटू नये. लग्नाआधी देवळात वधूवरांची नावे पुकारली जातात. कोणास अडथळा ठाऊक असेल तर त्याने तो धर्मगुरूंना कळवावा, असे सांगितले जाते. ह्यात कोणाची निंदा करण्याचा हेतू नसतो. मागाहून होणारे दुःख आधीच टळावे, एवढाच हेतू. सार्वजनिक पदासाठी नावे पुकारण्यामागेही हाच शहाणपणा आहे.

मुलाखतीत काय शोधावयाचे? येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. देखरेख करणारे मंडळ आणि रोजचा कारभार पाहणारे अधिकारी ही दोन निरनिराळी माणसे आहेत. बैलगाडी हाकणे हे अधिकाऱ्यांचे काम. गाडी ठरलेल्या वाटेनेच चालली आहे ना, बैलांना पोटभर चारा मिळतो ना, वाटेत कोणी पोती उतरवून घेत नाही ना, हे पाहणे मंडळाचे काम. ज्याला स्वतः कासरा हाती घेण्याचीच हौस आहे, तो चांगला हाक्या असेल, पण चांगला राखणदार असेलच असे नाही. उलट जो गाडीत बसून डुलक्या घेतो, तोही निरुपयोगी.

म्हणून आमच्या मते अशा उमेदवाराला चार गोष्टी अवश्य विचाराव्या. पहिली : संस्थेचे हिशेब तुमच्यापुढे आले, तर तुम्ही आधी काय पाहाल? ज्याने कधी हिशेब वाचलेला नाही, तो येथेच अडखळतो. दुसरी : तुमच्या सख्ख्या पुतण्याने अनुदानासाठी अर्ज केला, तर काय कराल? योग्य उत्तर एकच आहे. नाते आधीच सांगावे आणि त्या अर्जाचा विचार चालू असेपर्यंत बैठकीतून उठून जावे. तिसरी : ज्या मुलीच्या गावाहून शहराला येण्याइतके बसभाडे तिच्यापाशी नाही, तिच्यापर्यंत हे साहाय्य कसे पोहोचवाल? चौथी सर्वांत कठीण : अध्यक्ष चुकत आहेत असे तुम्हांस दिसले, तर काय कराल, आणि पूर्वी असा प्रसंग आला तेव्हा तुम्ही काय केलेत?

ह्या शेवटल्या प्रश्नातील दुसरा भाग विशेष महत्त्वाचा. पुढे काय करीन हे सर्वांनाच गोड बोलून सांगता येते. मागे काय केले हे सांगताना माणसाची खरी ओळख पटते. तरुणाने मोठे पद भूषविलेले नसेल; पण गावच्या क्रीडामंडळाची वर्गणी त्याने जपली असेल, आजारी बापाची शेती सांभाळली असेल, लबाडी दिसली तेव्हा मित्राला अडविले असेल. त्यालाही अनुभवच म्हणतात.

विचारणाऱ्यांवरही बंधने असली पाहिजेत. सर्वांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ. आपसांत बोलण्याआधी प्रत्येकाने आपापले गुण कागदावर मांडावे, म्हणजे मोठ्या आवाजाच्या सभासदामागे बाकीचे वाहवत जात नाहीत. उमेदवाराशी नाते वा स्नेह असेल तर तो आधी सांगावा. आणि निवडीची कारणे लिहून ठेवावी. ज्याची निवड झाली नाही, त्यालाही आपला न्याय झाला असे वाटले पाहिजे.

जेथे ठेच लागली

एवढी चांगली रीत असूनही चुका झाल्याच. संस्था स्थापन होऊन फार दिवस लोटले नव्हते, तोच डिसेंबर २०१० मध्ये प्रिटोरिया येथे जगातील तरुणांचा एक मोठा मेळावा तिने भरविला. त्यावरील खर्चावरून देशात फार टीका झाली. बेकार तरुणांच्या नावाने आलेला पैसा समारंभात जातो, अशी लोकांची भावना झाली. आणि एकदा गेलेला विश्वास परत मिळविणे किती कठीण असते, हे संस्थेला पुढील काळात कळून आले.

२०२० साली जुन्या मंडळाची मुदत संपली. मुलाखतीही झाल्या. परंतु निवडीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. पक्षाशी जवळीक असणाऱ्यांना झुकते माप मिळते, अशी तक्रार पुढे आली. शेवटी सारे काम पुन्हा आरंभापासून करावे लागले. २०२१ मध्ये पुन्हा यादी, पुन्हा मुलाखती. राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी नवे मंडळ नेमले ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरात. असांदा लुवाका ह्या तरुण स्त्रीकडे अध्यक्षपद आले. कोविडच्या साथीने तरुणांचे रोजगार बुडत होते, नेमक्या त्याच काळात एक वर्षाहून अधिक दिवस संस्थेला नवे मंडळ मिळू शकले नाही.

पुन्हा मुलाखती घेतल्या हे वाईट झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. संशय असलेली निवड तशीच पुढे रेटण्यापेक्षा मान खाली घालून पुन्हा आरंभ करणे बरे. मात्र पहिल्याच खेपेस निःपक्षपातीपणे काम झाले असते, तर त्या वर्षाची झळ तरुणांना बसली नसती. निवड करणाऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत तो स्वतः देत नाही. ती दुसऱ्यालाच द्यावी लागते.

चांगली माणसेही ह्या मंडळावर येऊन गेली. बावेलिले ह्लोंग्वा ह्या शिक्षणाने रसायन-अभियंता. त्या मंडळाच्या उपाध्यक्षा होत्या. पुढे २०१९ साली त्या संसदेत निवडून आल्या आणि खनिज व ऊर्जा खात्याच्या उपमंत्री झाल्या. १३ सप्टेंबर २०१९ रोजी प्रवासात असताना वाटेवर अपघात झालेला त्यांनी पाहिला. उपमंत्र्यांना थांबण्याचे काही कारण नव्हते. तरी त्या जखमींच्या साहाय्यासाठी उतरल्या, आणि तेथेच एका मालमोटारीची धडक बसून वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाट चुकवून निघून जाणारे तेव्हाही होते, आजही आहेत. माणूस थांबेल की पुढे जाईल, हे कोणत्याही मुलाखतीत नक्की कळत नाही. पण त्याच्या मागल्या आयुष्यात डोकावले, तर थोडा अंदाज लागतो.

ख्रिस्तसभेचा धडा

सात हा आकडा वाचताच वाचकांना ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाचा सहावा अध्याय आठवला असेल. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेत रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसविले नाही. त्यांनी मंडळीला सांगितले की, चांगल्या नावाची, पवित्र आत्म्याने भरलेली आणि शहाणी अशी सात माणसे तुम्हीच निवडा. निवडले गेले ते स्तेफन, फिलीप आणि आणखी पाच जण. आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सारी ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांच्या ओळखीची माणसे वाटपावर नेमली गेली. मग प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेविले.

लोकांत चांगले नाव, ईश्वराचे भय आणि व्यवहाराचे शहाणपण. ह्या तिन्हींपैकी एक जरी कमी असले, तरी काम बिघडते. नुसता भला माणूस फसविला जातो, आणि नुसता हुशार माणूस दुसऱ्यांना फसवितो.

वय कमी म्हणून कोणाला वगळू नये, हेही ख्रिस्तसभा फार पूर्वीपासून सांगत आली आहे. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी गेला तेव्हा थोरली मुले समोर उभी केली गेली; धाकटा दावीद मेंढरांमागे रानात होता, आणि निवड झाली ती त्याचीच. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठाचे नियम घालून दिले, तेव्हा महत्त्वाच्या गोष्टीसाठी सर्वांचा सल्ला घ्यावा, कारण पुष्कळदा देव धाकट्याला अधिक चांगले सुचवितो, असे सांगून ठेविले. २०१८ साली तरुणांविषयी रोम येथे बिशपांची सभा भरली, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये लिहिलेल्या पत्रात तरुणांना ख्रिस्तसभेच्या कामात बरोबरीने घेण्याचा आग्रह धरला.

आपल्या घरी, आपल्या गावी

आता आपल्याकडे पाहू. गावची पतपेढी, दूध सोसायटी, शाळेची समिती, धर्मग्रामाची पॅरिश कौन्सिल, युवक संघ : ह्या ठिकाणी माणसे कशी निवडली जातात? पुष्कळ वेळा सभा संपत आलेली असते, सर्वांना घरी जाण्याची घाई असते, कोणीतरी एक नाव सुचवितो आणि बाकीचे माना डोलावितात. गेल्या वर्षीची माणसे तशीच पुढे चालतात. मग वर्षाअखेरीस हिशेब जुळला नाही की, चव्हाट्यावर कुजबुज सुरू होते. ज्याने निवडीच्या वेळी तोंड उघडले नाही, त्याला नंतर कुजबुजण्याचा कितीसा अधिकार आहे?

ह्यासाठी संसद लागत नाही. सभेच्या दोन रविवार आधी नावे मागवावी व ती सर्वांना कळवावी. प्रत्येकाला समोर बसवून, मानाने, चार साधे प्रश्न विचारावे. ज्याचा भाऊ वा मेहुणा उमेदवार आहे, त्याने त्या वेळी बाजूला बसावे. दोघी-तिघी मुलींना आणि दोघा-तिघा मुलांना त्यात जागा द्यावी. चहाचे कप उचलण्यापुरती नव्हे, तर हिशेबाची वही पाहण्यापुरती.

आईबापांनाही एक विनंती. मुलगा वा मुलगी एखाद्या जागेसाठी मुलाखतीला निघते, तेव्हा ओळखीचा कोणी वर बसला आहे का, ह्याची चौकशी आपण आधी करतो. त्याऐवजी तिला घरचा एखादा हिशेब सांभाळावयास द्यावा, खरे बोलण्याची सवय लावावी, आणि जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असे सांगण्याचे धैर्य द्यावे. ह्या तयारीनिशी ती कोणत्याही समितीपुढे न डगमगता बसू शकेल. आणि पुढे कधी समितीत बसून दुसऱ्यांना प्रश्न विचारण्याची पाळी तिच्यावर आली, तर तेव्हाही हीच शिदोरी तिला पुरेल.