हरळी, हळद आणि अंगणातला खार

शेतकऱ्याच्या घरात हरळीचं लॉन करायचं म्हटलं की घरचेच हसतात. जिला खणून काढता काढता पिढ्यांच्या कमरा मोडल्या, तिलाच पाणी घालायचं! पण लोणारच्या उन्हात तग धरणारं हिच्यासारखं गवत मला दिसलेलं नाही. नर्सरीतलं मऊ गवत सतत पाणी मागतं. हरळी मे महिन्यात वाळते आणि मृगाच्या सरी पडल्या की खालच्या गाठींतून पुन्हा फुटते. कापताना दोन बोटं उंच ठेवा, कापलेलं तिथेच पसरू द्या, पावसाळ्याच्या तोंडाला चाळलेलं शेणखत टाका. बस्स.

तण आलं की ‘थोडंसं औषध मारा’ म्हणणारे भेटतातच. 2017 साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. ते कीटकनाशक होतं, हे तणनाशक, असा वाद मी घालत बसत नाही. नात जिथे लोळते तिथे तो डबाच नको. तण आम्ही दोघी पाऊस पडून गेल्यावर उपटतो. ओल्या मातीतून मुळासकट येतं.

याच नातीने एकदा लोणार सरोवराच्या काठावरून विचारलं, “आजी, पाण्यात झाडं काहून नाही?” सरोवर ज्या विवरात आहे, त्याला बाहेर वाट नाही. झऱ्यांचं, पावसाचं पाणी आत येतं, वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. त्यात मुख्य सोडियमचे, आणि त्यांतल्या कार्बोनेटमुळे पाण्याचा सामू दहाच्या आसपास. हे सांगून सात वर्षांच्या पोरीला काय कळणार? घरी येऊन टिपकागदाला ओली हळद चोळली, वाळवली. बोअरच्या पाण्याचा थेंब टाकला, कागद पिवळाच. धुण्याचा सोडा विरघळवून थेंब टाकला, तर कुंकवासारखा लाल डाग! मग ती घरभर कागद घेऊन फिरली. कपड्यांच्या बादलीतही लाल.

त्या दिवसापासून धुण्याचं पाणी वाफ्यात जाणं बंद झालं. काळ्या मातीत सोडियम साचला की जमीन चोपण होते. ओली असताना चिखल, वाळली की दगड. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी मात्र खुशाल घाला.

आमचा वाफा जमिनीपासून वीतभर उंच आहे, कारण काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते. माती, शेणखत आणि थोडी वाळू. धने चपलेखाली रगडून त्यांच्या फाकी करायचं काम नातीचं, आणि ते ती नको तितक्या जोरात करते. तुळशीच्या मंजिऱ्याही तीच खुडते. त्याने झाड डेरेदार होतं. पुदिना कुंडीतच बरा, वाफ्यात सोडला की दुसऱ्या कुणाला जागा ठेवत नाही. गवती चहा मात्र मीच कापते, पातीची धार बोट चिरते.

मावा पडला तर पन्नास ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, किंचित साबण घालून संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. त्यानंतर चारेक दिवस ती पानं तोडू नका, आणि तोडल्यावर धुऊन घ्या.

रोपं हवीत तर शेजाऱ्यांकडून काडी मागा, नर्सरीतून आणा. विवराच्या उतारावरून अडुळसा, गुळवेल उपटून आणू नका; ते अभयारण्य आहे, आणि 2020 पासून रामसर स्थळही.