अ‍ॅव्हरेज किती देते?

नवी मोटारसायकल घरात आली की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि बघायला आलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ''अ‍ॅव्हरेज किती देते?'' रंग, कंपनी, हप्ता या गोष्टी नंतर. लिटरला पन्नास की साठ, यावर आपल्याकडे गाडीची पत ठरते. मैत्रिणींनो, आज मी ज्या गाडीबद्दल सांगणार आहे तिचं अ‍ॅव्हरेज ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई काहीतरीच सांगतेय. लिटरला ५,३८५ किलोमीटर! म्हणजे काश्मीरहून कन्याकुमारी गाठायची आणि वर आणखी दीड हजार किलोमीटर फिरायचं.

ही गाडी कुठल्या मोठ्या कंपनीने नाही, विद्यार्थ्यांनी केली होती. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या 'ईटीएच' या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या मंडळींची 'पॅक-कार टू'. २००५ च्या जून महिन्यात फ्रान्समधल्या एका चाचणी मार्गावर तिने हा विक्रम केला. गाडीचं वजन साधारण तीस किलो, म्हणजे भरलेल्या गॅस सिलिंडरएवढंच. आणि तिच्यात पेट्रोल नव्हतंच. ती हायड्रोजनवर धावली. तेवढ्या हायड्रोजनमधली ऊर्जा पेट्रोलमध्ये मोजली तर किती भरेल, असा हिशेब करून हा आकडा काढला गेला.

नंतर हॉलंडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या मुलामुलींनी 'इको-रनर' नावाची गाडी केली. जून २०२३ मध्ये जर्मनीतल्या एका ट्रॅकवर ती तीन दिवस गोल गोल फिरत राहिली आणि फक्त ९५० ग्रॅम हायड्रोजनमध्ये २,४८८ किलोमीटर गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर मुंबईहून नागपूरला जायचं, परत यायचं आणि पुन्हा नागपूर गाठायचं, तेही किलोभर साखरेपेक्षा कमी वजनाच्या इंधनात.

हायड्रोजन म्हटलं की आपल्याला वाटतं, हे काहीतरी शास्त्रज्ञांचं असणार. पण हा वायू आपल्या घरात केव्हाच येऊन गेला आहे. आईच्या स्वयंपाकघरात पिवळ्या डब्यातला डालडा होता ना? तेलात हायड्रोजन सोडूनच ते घट्ट करत. शेतावर 'सुफला' खताची किंवा 'उज्ज्वला' युरियाची गोणी येते, त्यामागेही हायड्रोजनच आहे. इथे चेंबूरला, घाटकोपरच्या शेजारीच, आरसीएफच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन करतात, त्याचा अमोनिया होतो आणि अमोनियाचं खत.

गाडीत मात्र तो जाळत नाहीत. 'फ्युएल सेल' नावाची एक चपटी पेटी असते. तिच्या मधोमध प्लास्टिकसारखा पातळ पडदा असतो आणि त्याला दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा अगदी बारीक मुलामा. हो, दागिन्यातलंच प्लॅटिनम, म्हणून तर ही पेटी महाग. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने साधी हवा. हायड्रोजनच्या कणाचे तिथे दोन भाग होतात. एक भाग पडद्यातून चाळणीसारखा पलीकडे जातो, दुसऱ्याला पडदा वाट देत नाही, त्याला तारेतून वळसा घालून जावं लागतं. तो वळसा म्हणजेच वीज, आणि तिच्यावर मोटर फिरते. पलीकडे गेल्यावर दोघं हवेतल्या ऑक्सिजनला भेटतात आणि त्यांचं पाणी होतं. धूर नाही, आवाज जवळजवळ नाही, मागून फक्त वाफ आणि पाण्याचे थेंब.

धोका नाही का? आहे. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून तर आपण लाइटचं बटण न दाबता आधी दार-खिडक्या उघडतो. हायड्रोजन उलटा, सगळ्यांत हलका, वर पळून जातो. पण पेटला तर त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतच नाही. शिवाय त्याला वास नाही. आपल्या सिलिंडरमध्ये मुद्दाम घाण वास मिसळतात तसा इथे मिसळता येत नाही, कारण त्या वासाने फ्युएल सेल बिघडतो. म्हणून गाडीत गळती ओळखणारं यंत्र आणि आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह लागतो. त्याशिवाय स्पर्धेत गाडी उतरवूच देत नाहीत.

आता या स्पर्धेबद्दल. 'शेल इको-मॅराथॉन' हे तिचं नाव. १९३९ साली अमेरिकेत शेल या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी आपसात पैज लावली, एवढ्याशा पेट्रोलमध्ये कोण सगळ्यात लांब जातो बघू. त्या गमतीतून पुढे १९८५ साली फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. २०१० मध्ये ती मलेशियात, म्हणजे आशियात आली आणि २०१८ मध्ये चेन्नईला, २०१९ मध्ये बंगळुरूला भरली. तेल विकणाऱ्या कंपनीनेच तेल वाचवायची स्पर्धा घ्यावी, याची मला गंमत वाटते. पण मुलांना शिकायला मिळतं ते खरंच आहे.

इथे पहिला येणारा जिंकत नाही. ताशी पंचवीसेक किलोमीटरचा सरासरी वेग राखायचा आणि ठरलेल्या फेऱ्या कमीत कमी इंधनात पुऱ्या करायच्या. पेट्रोल, बॅटरी, हायड्रोजन असे वेगवेगळे गट असतात. पेट्रोलच्या गाड्या काय करतात ठाऊक आहे? थोडा वेळ इंजिन चालवतात, वेग आला की बंद करतात आणि गाडी तशीच घरंगळू देतात. आपण दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून कुकर तसाच ठेवतो, उरलेलं वाफेवर शिजतं, अगदी तसं! बाकी मग सगळा काटकसरीचाच खेळ. गाडीचा आकार पाण्याच्या थेंबासारखा, म्हणजे वारा अडत नाही. चाकं सायकलसारखी अरुंद, हवा टणक भरलेली. चालक बसत नाही, जवळजवळ आडवा झोपतो. आणि काही झालं तर त्याला दहा सेकंदांच्या आत स्वतः बाहेर पडता यायला हवं, याचीही परीक्षा असते.

मुंबईच्या उपनगरातल्या मुलांनाही हे वेड आहे. मध्य रेल्वेवर घाटकोपरच्या अलीकडचं स्टेशन विद्याविहार. तिथे १९८३ साली सुरू झालेलं सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आता ते सोमय्या विद्यापीठात गेलं. तिथला इंधन बचतीच्या स्पर्धेचा संघ आहे 'ईटा'. ईटा हे एक ग्रीक अक्षर. इंजिनीअर लोक 'कार्यक्षमता' लिहायची असली की तेच अक्षर वापरतात. त्याच कॉलेजचा 'ओरायन' हा संघ वेगाच्या गाड्या करतो. पवईला आयआयटीची मुलं विजेवरची रेसिंग कार करतात. दिल्लीच्या इंदिरा गांधी महिला तंत्रज्ञान विद्यापीठाचा 'पँथेरा' हा तर सगळ्या मुलींचा संघ, तोही इको-मॅराथॉनमध्ये उतरला होता.

मला या सगळ्याची ओळख झाली ती आमच्या मुलुंडच्या इमारतीत पेइंग गेस्ट म्हणून राहिलेल्या एका मुलीमुळे. कोकणातल्या तालुक्याच्या गावची, उपनगरातल्याच एका कॉलेजात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बचत गटाच्या कामामुळे माझा नंबर चार घरी असतो, तसा तो तिच्या आईकडेही गेला. एक दिवस त्यांचा फोन. ''वहिनी, पोरगी रात्री नऊला खोलीवर येते म्हणे. गाडी बनवतात म्हणे कॉलेजात. अहो, गाड्या बनवायला कारखाने नाहीत का?''

आईची काळजी खोटी नव्हती. म्हणून मी एका शनिवारी जाऊन वर्कशॉप बघूनच आले. एक पत्र्याची शेड, फायबरचा उग्र वास, अंगाला चिकटणारी धूळ, कोपऱ्यात चहाचे कागदी कप. टेबलावर किराणा दुकानात असतो तसा वजनकाटा. ही बाई तिथे बसून नटबोल्ट तोलत होती! प्रत्येकाचं वजन वहीत लिहायचं. जिथे लोखंडी बोल्टऐवजी हलका चालेल तिथे तो बदलायचा. ''काकू, वीस ग्रॅम वाचले,'' असं ती इतक्या आनंदाने म्हणाली की मला भिशी लागल्यासारखं वाटलं. त्यांची गाडी बॅटरीवरची होती. हायड्रोजनचं स्वप्न सगळ्यांनाच, पण फ्युएल सेलची किंमत, शुद्ध वायूचा सिलिंडर, तो ठेवायची परवानगी... तूर्त ते जमण्यातलं नव्हतं.

मग तिने मला तिच्या मनातली गोष्ट सांगितली. संघात मुली घेतात, पण पहिलं वर्षभर त्यांच्याकडे येतं ते हिशोब लिहिणं, स्पॉन्सरना पत्रं पाठवणं, प्रेझेंटेशन सजवणं. आणि दुसरं म्हणजे गाडी चालवणं, कारण मुली वजनाने हलक्या! नियम असा, की छोट्या गटातल्या गाडीचा चालक किमान ५० किलोचा हवा. ही ४६ किलोची, म्हणून तिच्याबरोबर चार किलोची वजनं ठेवायची. घरी सगळे 'वाळलीस' म्हणतात आणि इथे वाळल्याचा उपयोग होतो, यावर आम्ही दोघी खूप हसलो. पण ती पटकन गंभीर झाली. ''काकू, मी चालवीन, पण फक्त हलकी म्हणून नाही. मोटरच्या कंट्रोलरचं वायरिंगही मला पाहिजे.'' भांडून तिने ते काम मिळवलं.

मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. डेल्फ्टची मुलं या गाडीसाठी वर्षभर अभ्यास बाजूला ठेवतात आणि पूर्ण वेळ तेच काम करतात. आपली मुलं हे सगळं सबमिशन, परीक्षा आणि लोकलची गर्दी सांभाळून करतात. त्यातही मुलीला घरचा फोन, अंधार आणि 'शेवटी लग्नच करायचंय' हे ऐकणं जास्तीचं. तिला त्या वर्षी एका विषयात केटी लागली, हे मी लपवणार नाही. आई म्हणाली, आता गाडी बंद. आठ दिवस मायलेकी बोलत नव्हत्या. शेवटी मधला मार्ग निघाला. साडेआठच्या पुढे थांबायचं नाही, स्टेशनपर्यंत दोघी-तिघींनी मिळून यायचं, लोकलमध्ये बसली की घरी मिस्ड कॉल, आणि केटीचा पेपर सुटेपर्यंत रविवार अभ्यासाचा. स्पर्धेत त्यांची गाडी ब्रेकच्या तपासणीतच एक दिवस अडकली आणि एकच फेरी मोजली गेली. नंबर वगैरे काही आला नाही. केटी मात्र सुटली.

हायड्रोजनचं म्हणाल, तर त्याची स्तुती ऐकताना आपण बायकांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारावा, हा माल येतो कुठून? आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून होतो. वायूपासून किलोभर करताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे गाडी स्वच्छ, पण कारखान्यात धूर. पाण्यातून वीज सोडून तो काढता येतो, त्याला किलोमागे पन्नास-पंचावन्न युनिट वीज आणि निदान नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं. ती वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर त्याला 'हरित' म्हणायचं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी १९,७४४ कोटींची योजना मंजूर केली आहे. पण शंभर युनिट वीज अशी हायड्रोजनच्या वाटेने चाकापर्यंत नेली तर तीस-पस्तीसच पोहोचते, बाकी वाटेत सांडते. बॅटरीत तेवढी सांडत नाही. म्हणून लहान गाड्यांना बॅटरी आणि लांब पल्ल्याच्या बस-ट्रकना हायड्रोजन, असं अनेक जाणकार म्हणतात आणि मलाही ते पटतं. आपल्या पुण्यात हे काम चाललंच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये हायड्रोजनवरची मोटार चालवून पाहिली, ऑगस्ट २०२२ मध्ये बसही आणली. बोल्ट तोलणाऱ्या मुलींना उद्या नोकऱ्या मिळतील त्या अशाच ठिकाणी.

बारावीनंतर मुलीचं इंजिनीअरिंगचं कॉलेज बघायला तुम्ही शहरात याल. फक्त मुलींचं हवं असेल तर सांताक्रूझला जुहूच्या वाटेवर एसएनडीटीचं उषा मित्तल आहे, पुण्याला कमिन्स आहे. मुलामुलींचं एकत्र असलं तरी हरकत नाही. हॉस्टेल, मेस, फी हे तर आपण विचारतोच. त्याबरोबर वर्कशॉपकडेही चक्कर मारा. किती मुली संघात आहेत आणि त्यांच्या हातात वही आहे की पाना, ते आपल्या डोळ्यांनी बघा. शेड किती वाजता बंद होते, रात्री सरांपैकी कोण थांबतं, स्पर्धेच्या प्रवासाचा खर्च कोण करतं आणि वर्कशॉपची चावी कोणाकडे असते, हे ऑफिसात नको, तिथे काम करणाऱ्या मुलींनाच विचारा.